प्रवाळ ओळखा, मग पाळा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांच्या दुकानात प्रवाळांच्या टाकीवर बहुतेक वेळा गडद निळा दिवा असतो. त्या उजेडात हिरवे प्रवाळ पेटल्यासारखे दिसतात, नारिंगी तोंडे चमकतात आणि प्रत्येक तुकड्याला एखादे भारदस्त नाव चिकटलेले असते: ‘ड्रॅगन सोल’, ‘होली ग्रेल’, ‘रास्ता’. ही नावे व्यापाऱ्यांनी रंगावरून पाडलेली आहेत, आणि रंग हा प्रवाळाचा सर्वांत बेभरवशाचा गुण. त्याच्या पेशींतली प्रतिदीप्त प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. दिवा बदलला किंवा पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट वाढले, की महागात घेतलेला तोच तुकडा पाहता पाहता तपकिरी होतो.

म्हणून दुकानदाराला आधी पांढरा दिवा लावायला सांगावे आणि रंग सोडून शरीर पाहावे. या प्रवाळाला उजेड किती लागेल, प्रवाह किती सोसेल, शेजारी कोण चालेल, याची बरीचशी उत्तरे त्याच्या शरीरावरच असतात.

प्राणी, शैवल आणि दगड

प्रवाळ हा प्राणी आहे, हे युरोपातल्या विद्वानांच्या गळी उतरायला वेळ लागला. झाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात भूमध्य समुद्रातले लाल पोवळे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून न्याहाळले. ज्यांना लोक पोवळ्याची फुले समजत होते ती उघडतात, स्पर्श होताच मिटतात, म्हणजे ते लहान प्राणी आहेत, असे त्याने मांडले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूर या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाला ते इतके अशक्य वाटले, की पेसोनेलचे म्हणणे सभेपुढे मांडताना त्याने लेखकाचे नावही घेतले नाही. पुढे १७४० च्या दशकात ट्रेंब्ले या निसर्गशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातल्या हायड्रावर केलेले प्रयोग गाजले आणि मगच हे मत मान्य झाले.

पेसोनेलचा तो लहान प्राणी म्हणजे पॉलिप. त्याचे शरीर एखाद्या पिशवीसारखे: वर एकच तोंड, त्यातूनच अन्न आत आणि त्यातूनच मळ बाहेर, तोंडाभोवती दंशपेशींनी भरलेल्या संस्पर्शकांचे कडे. बहुतेक प्रवाळांत असे शेकडो-हजारो पॉलिप एकमेकांशी जोडून वसाहत करतात. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत पुरवठा अशा प्रकारे होऊ शकतो. बदल्यात शैवलांना आसरा मिळतो आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातले नायट्रोजन-फॉस्फरस मिळतात.

तेव्हा प्रवाळ पाळणारा माणूस तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळत असतो: भूक लागणारा प्राणी, उजेड मागणारे शैवल, आणि दगडी प्रवाळ असेल तर पाण्यातले कॅल्शियम व कार्बोनेट खाऊन वाढणारा सांगाडा. या तिघांचे प्रमाण प्रत्येक जातीत वेगळे असते. म्हणून ‘प्रवाळांना काय लागते?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आपल्यासमोरचा प्रवाळ कोणता, हे आधी ठरवावे लागते.

संस्पर्शक मोजा

पहिली परीक्षा सोपी आहे. पॉलिप पूर्ण उघडलेला असताना भिंग घेऊन त्याचे संस्पर्शक मोजावेत. ते नेमके आठ असतील आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे दात असतील, तर तो अष्टप्रवाळ. सार्कोफायटन, सिन्युलॅरिया, झेनिया, हिरव्या गालिच्यासारखा पसरणारा ग्रीन स्टार पॉलिप आणि समुद्रपंखे हे सगळे याच गटातले. अंगठीत बसवले जाणारे लाल पोवळेही अष्टप्रवाळच आहे. संस्पर्शक सहाच्या पटीत, साधे, पिसांविना असतील तर तो षट्प्रवाळ. दगडी प्रवाळ, मशरूम आणि झोअँथिड या बाजूला येतात.

ही मोजणी फसव्या जोड्यांतही कामी येते. गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा दोघेही लांब देठांच्या फुलांचा गुच्छ वाटतात. पहिल्याच्या पॉलिपला २४ संस्पर्शक असतात, दुसऱ्याच्या १२. गोनिओपोराची ख्याती वर्षानुवर्षे वाईट होती: दुकानात डौलदार, घरी आणल्यावर काही महिन्यांत झिजून संपणारा. बारीक खाद्य नियमित दिले तर तो टिकतो, हे छांदिष्टांना आता कळले आहे. तरी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

युफिलिया गटात मोजण्यापेक्षा टोके पाहावीत. संस्पर्शक लांब, सरळ आणि टोकाला एक गोल बोंड असेल तर टॉर्च. टोक नांगरासारखे किंवा हातोडीसारखे आडवे असेल तर हॅमर. संस्पर्शकालाच फाटे फुटून प्रत्येक फाट्यावर बोंड असेल तर फ्रॉगस्पॉन. शास्त्रज्ञांनी यांतल्या हॅमर आणि फ्रॉगस्पॉनला आता फिम्ब्रियाफिलिया या वेगळ्या प्रजातीत ठेवले आहे. दुकानात मात्र तिघांना युफिलियाच म्हणतात.

सांगाडा वाचा

दगडी प्रवाळाची खरी ओळख मांसाखाली असते. प्रत्येक पॉलिप अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, एक पेला बांधून त्यात बसतो. पेल्याच्या आत मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात. या पेल्यांच्या मांडणीवरून गट ओळखता येतो. प्रत्येक पेला स्वतंत्र नळीच्या टोकावर असेल तर फांद्यांचा टॉर्च किंवा हॅमर. त्याचे एक डोके कापून दुसरीकडे लावले तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. पेले शेजारी शेजारी पण प्रत्येकाची भिंत वेगळी, मध्ये खाच दिसते, तो डिप्सास्ट्रिया. दोन पेल्यांत भिंत एकच, तो फॅव्हाइट्स. पेले एकमेकांत मिसळून नागमोडी दऱ्या झाल्या असतील तर प्लॅटिगायरा, ज्याला सगळे ब्रेन कोरल म्हणतात.

बारीक पॉलिपांच्या गटात अक्रोपोरा ओळखायला फांदीचे टोक पाहावे. तिथे एक मोठा, एकटा पेला असतो आणि फांदी त्याच्याच पुढे पुढे सरकण्याने वाढते. बाजूचे पेले आकाराने वेगळे असतात. माँटिपोराला असा टोकाचा पेला नसतो, त्याचे पेले टाचणीच्या टोकाएवढे आणि पृष्ठभागात रुतलेले. अक्रोपोराची नेमकी जात मात्र टाकीत पाहून सांगण्याचा हट्ट धरू नये. प्रवाळशास्त्रज्ञ चार्ली व्हेरॉन यांचा २००० साली आलेला तीन खंडांतला ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’ हा ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला जातो, आणि एकाच जातीचे रूप प्रकाश व लाटांप्रमाणे किती बदलते, हे व्हेरॉन यांनी वारंवार दाखवले आहे. घरच्या टाकीसाठी प्रजातीपर्यंतची ओळख पुरते.

सांगाडा मुळीच नसेल तर दोन शक्यता उरतात. एक चकतीसारखा पॉलिप, आखूड संस्पर्शक किंवा नुसत्या पुटकुळ्या: तो मशरूम. एकाच चादरीतून उगवलेले, कडेला संस्पर्शकांच्या दोन ओळी असलेले पॉलिप: झोअँथिड. आणि सांगाडा आहे, पॉलिप भडक पिवळे-नारिंगी आहेत, पण दिवसा मिटलेले असतात, असे दिसले तर तो सन कोरल, म्हणजे टुबास्ट्रिया. त्याच्या पेशींत शैवल नसते. कितीही महाग दिवा लावला तरी त्याचे पोट भरत नाही. प्रत्येक पॉलिपला नेमाने मांसाहार द्यावा लागतो. दुकानात तो सर्वांत देखणा आणि घरात सर्वांत कष्टाचा.

तीन गट, तीन घरे

छांदिष्ट लोक प्रवाळांची मऊ, मोठ्या पॉलिपांचे दगडी आणि लहान पॉलिपांचे दगडी अशी विभागणी करतात. शेवटच्या दोघांना एलपीएस आणि एसपीएस म्हणतात. जीवशास्त्रात या विभागणीला आधार नाही, पण टाकीत जागा ठरवायला ती उपयोगी आहे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश ‘पार’ या मापात मोजतात. मऊ प्रवाळ आणि मशरूम यांना साधारण ५० ते १०० पार पुरतो, एलपीएसना ८० ते १५०, अक्रोपोरासारख्या एसपीएसना २०० ते ३५०. कोणताही नवा तुकडा आधी तळाशी ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. अचानक जास्त उजेड मिळाला तर प्रवाळ शैवले बाहेर टाकून फिका पडतो. उजेड कमी पडला तर रंगद्रव्य वाढून तपकिरी होतो. फिका पडणे जास्त धोक्याचे.

प्रवाहाचेही तसेच. मऊ प्रवाळ संथ डोलला पाहिजे. एलपीएसचे फुगलेले मांस सांगाड्याच्या धारेवर घासू लागले, तर ते फाटते आणि जखमेतून संसर्ग शिरतो. एसपीएसना मात्र जोरदार आणि दिशा बदलणारा प्रवाह लागतो. पाणी साचून राहिले की त्यांच्या अंगालगत ऑक्सिजनची देवाणघेवाण मंदावते आणि फांद्यांच्या बेचक्यांत कचरा अडकतो.

सुरुवात मऊ प्रवाळांपासून करावी. त्यातही सार्कोफायटनची एक सवय आधीच ठाऊक असावी: तो अधूनमधून काही दिवस पूर्ण मिटतो, अंगावर मेणचट थर धरतो आणि मग तो थर टाकून पुन्हा फुलतो. ही त्याची अंघोळ आहे. या दिवसांत घाबरून पाण्यात औषधे ओतणारे लोक धडधाकट प्रवाळ मारतात. अशा वेळी प्रवाह थोडा वाढवावा आणि वाट पाहावी.

पाण्याचे आकडे, आणि त्यांतला एक महत्त्वाचा

टाकीतले पाणी आरओ-डीआय यंत्रातून काढलेले, टीडीएस शून्य दाखवणारे असावे. नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातले क्षार आणि धातू इथे नडतात. त्यात सागरी मीठ मिसळून क्षारप्रमाण हजारी ३५ करावे, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. तापमान २५ ते २६ अंश, कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२८० ते १३५०, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ७.५ ते ९ डीकेएच. मासे किंवा प्रवाळ सोडण्यापूर्वी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत बसावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

या सगळ्यांत आठवड्याला निदान एकदा मोजायचा आकडा अल्कलिनिटीचा. प्रवाळ सांगाडा बांधतो तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचने घटेपर्यंत कॅल्शियम लिटरमागे फक्त २० मिलिग्रॅमने घटते. म्हणजे ८ डीकेएचच्या टाकीत एक तृतीयांशाहून जास्त साठा संपला, तरी कॅल्शियमच्या चाचणीत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक दिसतो. टाकी उपाशी आहे हे अल्कलिनिटी आधी सांगते. ती ८ असो वा ९, फारसे बिघडत नाही. आज ७ आणि परवा १० झाली तर बिघडते. घट भरून काढायला चुन्याची निवळी, कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचे वेगवेगळे द्रावण, किंवा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर असे मार्ग आहेत. मार्ग कोणताही असला तरी मात्रा रोज थोडी आणि सारखी असावी.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे भय एके काळी इतके होते, की लोक ते शून्यावर नेत. पेशीतल्या शैवलालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. शून्य पोषणाच्या टाकीत प्रवाळ फिके पडतात आणि त्यांच्या जागी चिकट तपकिरी डायनोफ्लॅजेलेट माजतात. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवणे हे व्यवहारी लक्ष्य आहे.

आपल्याकडे या आकड्यांना उन्हाळ्याची आणि वीज जाण्याची जोड द्यावी लागते. पाणी ३० अंशांच्या आसपास रेंगाळू लागले, की प्रवाळ आणि शैवल यांचा करार तुटायला लागतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवतीचे प्रवाळ पांढरे पडले ते याच कारणाने. टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होते. विदर्भाच्या किंवा पुण्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तितका नाही. तिथे चिलरचा खर्च आधीच हिशेबात धरावा. बाष्प होते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते; म्हणून कमी झालेली पातळी आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही. वीज गेली की उजेडाची काळजी नको, एक दिवस अंधार चालतो. ऑक्सिजनशिवाय चालत नाही. बॅटरीवरचा हवापंप किंवा इन्व्हर्टरवरचा एक प्रवाहपंप ही सजावट नव्हे, विमा आहे.

शेजारधर्म आणि विष

प्रवाळ जागेसाठी लढतात. टॉर्च, हॅमर आणि विशेषतः गॅलॅक्सिया रात्री लांबलचक झाडू-संस्पर्शक सोडून शेजाऱ्याला भाजतात; काही जाती पोटातले तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला अंगाबाहेरच पचवतात. म्हणून एलपीएसभोवती निदान वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि लढाई पाहायची असेल तर दिवे मालवल्यावर तासाभराने विजेरी घेऊन पाहावे. मऊ प्रवाळ दंश करत नाहीत, पाण्यात टर्पिनवर्गीय रसायने सोडतात. मऊ आणि एसपीएस प्रवाळ एकाच टाकीत असतील, तर सक्रिय कोळसा सतत वापरावा.

एक विष मात्र माणसासाठीही घातक आहे. झोअँथिडांपैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते. हवाई बेटांवरच्या माउई येथील हाना भागात एका विषारी ‘समुद्रशैवला’ची दंतकथा होती, त्या डबक्यातला जीव प्रत्यक्षात पॅलिथोआ निघाला आणि १९७१ साली मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातून हे विष वेगळे केल्याचे जाहीर केले. ज्ञात नैसर्गिक विषांपैकी ते अत्यंत जहाल आहे आणि उकळल्याने नष्ट होत नाही. झोअँथिड घालवण्यासाठी दगड उकळले आणि वाफेमुळे सगळे घर रुग्णालयात गेले, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये, त्यावर उच्च दाबाचा फवारा मारू नये. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

नवा तुकडा आणि त्याच्याबरोबरचे पाहुणे

तुकड्याबरोबर अक्रोपोरा खाणारे चपटे किडे, माँटिपोरा खाणाऱ्या सागरी गोगलगायी, आयप्टेशिया हे तणासारखे वाढणारे समुद्रफूल असे बरेच काही घरात येते. आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढले की चालते किडे गळतात, पण अंडी राहतात. म्हणून एकदाच नव्हे, आठवडाभराच्या अंतराने पुन्हा पुन्हा बुडवावे आणि शक्य असेल तर तुकडा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. तुकडा ज्या गोल दगडी बैठकीवर येतो ती अंड्यांची आवडती जागा. ती फेकून नवी लावावी. युफिलियाच्या एखाद्या डोक्यावर तपकिरी चिकट लेप दिसला, तर ते डोके निरोगी भागापासून लगेच कापून वेगळे करावे. हा रोग तासांच्या हिशेबाने पसरतो.

तुकडे करून वाढवणे ही या छंदाची सर्वांत चांगली बाजू आहे. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९५० च्या दशकात समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवून प्रवाळ जगवून दाखवले आणि १९६१ साली ती पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी जिवंत दगड, फेसाबरोबर मळ काढणारा प्रोटीन स्किमर आणि तीव्र प्रकाश यांची सांगड घातली. त्यांतल्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी वाढवलेल्या एका अक्रोपोराचे तुकडे हस्ते-परहस्ते जगभर गेले. समुद्रातून एकही फांदी न तोडता टाक्या भरता येतात, हे त्यातून दिसले.

कायद्याची रेघ

समुद्रातून प्रवाळ न तोडणे ही भारतात ऐच्छिक बाब नाही. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण मिळाले. मालवणच्या सागरी अभयारण्यात, विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेच्या आंग्रिया बँकेवर, गोव्याच्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत. मुंबईतही आहेत, आणि सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी व हाजी अलीच्या खडकांवरच्या वसाहती परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या. यांतला तुकडा, मेलेला सांगाडा किंवा प्रवाळाचा ‘जिवंत दगड’ घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळ ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या कराराच्या याद्या भारतीय कायद्याचाच भाग झाल्या. सार्कोफायटन, मशरूम, झोअँथिड त्या करारात नाहीत.

दुबईत, सिंगापुरात किंवा न्यू जर्सीत टाकी मांडणाऱ्या मराठी वाचकाला तिथला कायदा पाहावा लागेल आणि टाकीत वाढवलेले दगडी प्रवाळ बहुधा सहज मिळतील. इथल्या वाचकाने मात्र कृत्रिम किंवा सिरॅमिक दगड आणि आयातीची कागदपत्रे असलेले मऊ प्रवाळ यांवर टाकी उभी करावी. दुकानात तुकडा उघड्यावर विकला जातो, एवढ्यावरून तो कायदेशीर ठरत नाही. सांगाड्याचे पेले वाचता आले, तर विक्रेता काहीही नाव सांगो, हा दगडी प्रवाळ आहे आणि तो घ्यायचा नाही, हे तुम्हाला काउंटरवरच कळेल. ओळख पटलेली नसेल, कागद दाखवला जात नसेल, तर खिशात हात घालू नका.